जुनाच माल टाकलाय म्हणे! रिसायकल डांबराचा रस्ता खरंच टिकतो का?

आज फोन नाही, ॲप नाही. आज बोलूया रस्त्याबद्दल. आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी आमच्या अंबड तालुक्यातल्या एका रस्त्याचं काम सुरू झालं. एक मोठं मशीन रस्त्याचा वरचा थर खरवडत होतं आणि तो काळा चुरा टिप्परमध्ये भरून प्लांटवर जात होता. फाट्यावर कुणीतरी म्हणालं, "हाच माल गरम करून परत टाकणारेत." मी फोन काढला, चाळीस सेकंदांची रील केली आणि वर लिहिलं, 'नव्या रस्त्यात जुना माल, जनतेची फसवणूक!' रील तुफान चालली. दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी जाऊन काम बंद पाडलं. तीन दिवस रस्ता तसाच खरवडलेला पडून राहिला. तिसऱ्या रात्री मृगाच्या आधीचाच एक जोरदार पाऊस झाला आणि सकाळी आमच्या गल्लीतल्या काकूंची स्कूटी त्या सुट्या खडीवर घसरली. मनगटाला प्लास्टर.

त्या संध्याकाळी माझ्या चुलत भावाचा फोन आला. दादा एका हॉट मिक्स प्लांटच्या लॅबमध्ये काम करतो. म्हणाला, "अरे, जुना माल वापरणं ही चोरी नाही. किती टाकला आणि कसा टाकला, हे विचारायचं असतं. तू ते विचारलंसच नाही."

खरंच विचारलं नव्हतं. मग पुढचे काही रविवार मी दादाच्या मागे लागून हे सगळं समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतोय.

रस्त्यात नक्की असतं काय?

आपण 'डांबरी रस्ता' म्हणतो, पण त्यात डांबर फार थोडं असतं. वजनाने साधारण ९५ टक्के खडी, कच आणि दगडाची भुकटी, आणि फक्त ५ टक्क्यांच्या आसपास डांबर, म्हणजे बिटुमेन. खडी वजन पेलते, डांबर तिला धरून ठेवतं. लाडू वळताना रवा आणि पाक असतो ना, तसंच.

आता हिशोब करू. ७ मीटर रुंद रस्ता, ४० मिमी जाडीचा वरचा थर, लांबी १ किलोमीटर. याला मिश्रण लागतं सुमारे ६७० टन. त्यातलं डांबर ३३ टनांच्या आसपास. आपल्या देशात लागणाऱ्या डांबराचा मोठा भाग परदेशातून येतो आणि खडीसाठी डोंगर फोडावा लागतो. जुना रस्ता खरवडला की हीच खडी आणि हेच डांबर परत हातात येतं. या खरवडलेल्या मालाला इंजिनिअर लोक 'रॅप' म्हणतात, रिक्लेम्ड ॲस्फाल्ट पेव्हमेंट या नावाचं लघुरूप. नव्या मिश्रणात २० टक्के रॅप घातला, तर वरच्या हिशोबात १३० टनांहून जास्त नवा माल वाचतो.

आणि हे काही गुपचूप चालणारं काम नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने डांबरी रस्त्यांच्या रिसायकलिंगसाठी २०१५ मध्ये वेगळी संहिताच काढली आहे, आयआरसी १२०. अमेरिकेत नव्या डांबरी मिश्रणात सरासरी पाचवा हिस्सा रॅप असतो. जपानमध्ये तर हे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त आहे.

म्हणजे माझ्या रीलमधली पहिली ओळच चुकीची होती. पण थांबा. जुना माल आहे म्हणून रस्ता वाईट नाही, तसाच रिसायकल आहे म्हणून आपोआप चांगलाही नाही. खरी गंमत पुढे आहे.

जुनं डांबर बदलतं म्हणजे काय होतं?

डांबर ऊन आणि हवा खात वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याचं ऑक्सिडेशन होतं. त्यातला तेलकट भाग कमी होतो आणि ते कडक होत जातं. हा कडकपणा मोजायची एक सोपी चाचणी आहे. २५ अंशाला ठेवलेल्या डांबरात ठराविक वजनाची सुई ५ सेकंद टोचायची आणि ती किती आत गेली ते बघायचं. आपल्याकडे नेहमी वापरतात त्या व्हीजी-३० डांबरात ही सुई किमान ४.५ मिमी आत जायला हवी. जुन्या रस्त्यातून काढलेल्या डांबरात ती अनेकदा २ मिमीसुद्धा जात नाही.

आता तुमच्या फोनकडे बघा. टेम्पर्ड ग्लास कडक असते. किल्लीने ओरखडा पडत नाही, पण फोन आपटला की तडा. उलट मऊ फिल्म लावली तर तिला तडा जात नाही, पण नखाचे वळ उठतात. रस्त्याचंही अगदी हेच आहे. डांबर कडक असेल तर उन्हाळ्यात चाकाखाली दबत नाही, पण वाकताना तडकतं. मऊ असेल तर तडकत नाही, पण चाकाखाली दबतं.

म्हणून "हा रस्ता मजबूत आहे का?" हा प्रश्न अर्धवट आहे. कशासमोर मजबूत, ते विचारायला पाहिजे. आपल्या जालना जिल्ह्यात रस्त्याचे शत्रू तीन: ऊन, वाकणं आणि पाणी.

शत्रू पहिला: ऊन

मे महिन्यात आपल्याकडे हवेचं तापमान ४२ अंशांच्या आसपास जातं. तेव्हा काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जाऊ शकतो. त्यात जालन्याच्या स्टील कारखान्यांकडे भंगार आणणारे आणि सळई घेऊन जाणारे ट्रक, शिवाय हंगामात उसाच्या गाड्या. मऊ झालेल्या रस्त्यावर त्यांची चाकं रोज एकाच जागेवरून जातात आणि रस्त्यात पन्हाळीसारखे खोलगट पट्टे पडतात. याला आपल्याकडे छान शब्द आहे, चाकोरी.

हे तपासायला मार्शल टेस्ट करतात. मिश्रणाची सुमारे १०२ मिमी व्यासाची गोल वडी बनवायची, दोन्ही बाजूंनी हातोड्याचे ७५-७५ ठोके द्यायचे, अर्ध्या तासाच्या आसपास ६० अंशांच्या पाण्यात ठेवायची आणि मग मशीनमध्ये दाबायची. साध्या डांबराच्या वडीने किमान ९ किलोन्यूटन, म्हणजे ९०० किलोहून जास्त भार सोसायला हवा. आणि तुटेपर्यंत ती २ ते ४ मिमीच दबली पाहिजे.

यात रॅप घातलेल्या मिश्रणाला बहुतेक वेळा जास्त मार्क पडतात! कारण उघड आहे. त्यातलं जुनं डांबर कडक असतं, म्हणून ६० अंशांनाही ते तग धरतं.

इथेच लोक फसतात. मार्शलचा आकडा जास्त आला की "बघा, नव्यापेक्षा भारी रस्ता!" असं म्हणतात. मेगापिक्सेल जास्त म्हणून फोटो भारी येतोच असं नाही ना? तसंच हे. हा आकडा फक्त पहिल्या शत्रूबद्दल सांगतो.

शत्रू दुसरा: वाकणं

प्रत्येक ट्रक गेला की रस्ता केसभर खाली वाकतो आणि परत वर येतो. डोळ्यांना दिसत नाही, पण हे लाखो वेळा होतं. एक तार हाताने पुढे-मागे वाकवत राहिलो की शेवटी तुटते, तसा रस्ता थकतो. आधी चाकाच्या पट्ट्यात बारीक भेगा येतात, मग त्या एकमेकींना मिळून मगरीच्या पाठीसारखी जाळी होते आणि मग खपल्या निघतात.

वजन वाढलं की हे किती भराभर होतं, ते ऐका. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला नियम असा: आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, सुमारे सोळापट होतं. ओव्हरलोड गाडी रस्ता का खाते, ते आता कळलं असेल.

आपल्याकडे आणखी एक भर आहे, काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्ही पाहिल्याच असतील. तीच माती रस्त्याखाली असेल आणि तिच्यावर मुरूम-खडीचा नीट भराव नसेल, तर वरचा रस्ताही तिच्याबरोबर हलतो. अशा ठिकाणी फार कडक थर टाकला तर तो तडकणारच.

म्हणून रॅपचं प्रमाण जास्त असेल तेव्हा मिश्रणाची एक लांब पट्टी कापून ती मशीनमध्ये हजारो-लाखो वेळा वाकवून बघतात. याला फटीग टेस्ट म्हणतात. मार्शलमध्ये पहिला आलेला नमुना इथे नापास होऊ शकतो.

मग उपाय काय? सोपे आहेत, पण करावे लागतात. एक, रॅप मर्यादेत घालायचा. दोन, सोबतचं नवं डांबर नेहमीपेक्षा मऊ प्रतीचं घ्यायचं, म्हणजे जुनं आणि नवं मिसळून सरासरी बरोबर बसते. तीन, रिजुव्हेनेटर नावाचं तेलकट द्रव्य घालून जुन्या डांबराचा गेलेला मऊपणा परत आणायचा. चार, खरवडलेला माल चाळून मोठा-बारीक वेगळा ठेवायचा, नाहीतर प्रत्येक गाडीत वेगळीच खडी येते.

शत्रू तिसरा: पाणी

खडीला डांबर चिकटलेलं असतं, पण पाणी मध्ये शिरलं की ते सुटायला लागतं. पहिल्या पावसात खडी वर आलेली दिसते ती यामुळेच. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. ग्रॅनाइटपेक्षा त्याला डांबर तुलनेने चांगलं चिकटतं. पण दगडावर धूळ बसलेली असेल किंवा रॅपचा ढीग उघड्यावर भिजलेला असेल, तर हा फायदा गेला.

याची चाचणी मस्त आहे. एकाच मिश्रणाच्या वड्यांचे दोन गट करायचे. एक कोरडा, दुसरा पाण्याने मुरवून ६० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवलेला. मग दोन्ही आडव्या धरून फोडायच्या. भिजलेल्या गटाची ताकद कोरड्याच्या किमान ८० टक्के निघाली पाहिजे. मी दादाला विचारलं, "एकच चाचणी बघायची झाली तर कुठली बघावी?" तो म्हणाला, "एक बघूच नको. पण लोक विसरतात ती ही."

मग प्लास्टिकचा रस्ता?

हा प्रश्न येणारच होता. मदुराईच्या त्यागराजर इंजिनिअरिंग कॉलेजमधले प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ही पद्धत विकसित केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पद्धत अशी: पिशव्या-रॅपरचे बारीक तुकडे गरम खडीवर टाकायचे. ते वितळून दगडाला पातळ कोट बसतो. मग त्यावर डांबर. या कोटामुळे पाणी दगडापर्यंत पोचत नाही आणि मिश्रण कडकही होतं. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या शत्रूवर चांगला इलाज.

चेन्नईतली जांबुलिंगम स्ट्रीट २००२ मध्ये अशी बनवली होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिच्यासह तमिळनाडूतले असे काही रस्ते काही वर्षांनी तपासले, तेव्हा त्यांत खड्डे किंवा चाकोऱ्या आढळल्या नाहीत. आपल्या रायगड जिल्ह्यात नागोठण्याला रिलायन्सने त्यांच्या प्रकल्पाच्या आवारात सुमारे ४० किलोमीटर रस्ते ५० टन टाकाऊ प्लास्टिक वापरून केले.

पण इथेही प्रमाण आणि प्रकार महत्त्वाचा. प्लास्टिक हे डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के असतं, म्हणजे वरच्या आपल्या एका किलोमीटरला दोन-अडीच टन. आणि पीव्हीसी चालत नाही, कारण ते तापवलं की विषारी वायू निघतो. "सगळा कचरा टाका रस्त्यात" असं नाहीये ते.

जालन्याचा स्वतःचा माल: स्लॅग

आपलं जालना स्टीलचं शहर. इथल्या इंडक्शन भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून सळई बनते आणि मागे उरतो स्लॅग. मग तो खडीऐवजी रस्त्यात का नको?

पोलादाच्या स्लॅगचा रस्ता आपल्या देशात झालेला आहे. सुरतजवळ हजीरा इथे २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तंत्रज्ञानाने सुमारे एक किलोमीटरचा सहा पदरी रस्ता असा बांधला. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यातही स्लॅगचा एक तुकडा तयार झाला. स्लॅगचे तुकडे टणक आणि टोकदार असतात. ते एकमेकांत घट्ट अडकतात, म्हणून चाकोरी पडायला अवघड.

पण याचीही एक खोड आहे. पोलादाच्या अनेक प्रकारच्या स्लॅगमध्ये मोकळा चुना राहतो. पाणी लागलं की तो फुगतो आणि रस्ता आतून उचलला जातो. म्हणून स्लॅग आधी मुरवावा लागतो आणि प्रक्रिया करून त्यातलं लोखंड काढावं लागतं. शिवाय भट्टीचा प्रकार बदलला की स्लॅगही बदलतो. हजीऱ्याच्या कारखान्याच्या स्लॅगचा निकाल जालन्याच्या इंडक्शन भट्टीच्या स्लॅगला जसाच्या तसा लावता येत नाही. इथल्या मालाची चाचणी इथेच व्हायला पाहिजे.

फोन घेऊन तुम्ही काय बघू शकता?

आधी सूचना: चालू रहदारीत हे करू नका. सकाळी लवकर जा, सोबत कुणीतरी गाड्यांवर लक्ष ठेवायला असू द्या.

१. चाकोरी मोजा. सरळ काठी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी रस्त्यावर आडवी ठेवा आणि खाली राहिलेली फट पट्टीने मोजा. आपल्याकडच्या डिझाइन संहितेत २० मिमी चाकोरी म्हणजे रस्त्याचं आयुष्य संपलं असं धरतात.

२. उतार बघा. त्याच पट्टीवर, रस्त्याच्या मधोमध नाही तर एका बाजूला, फोन ठेवून लेव्हल ॲप उघडा. डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेला २ ते २.५ टक्के उतार हवा, म्हणजे ॲपमध्ये साधारण १.१ ते १.४ अंश. शून्य दाखवत असेल तर पाणी तिथेच साचणार, मिश्रण कितीही भारी असो.

३. भेगांचा फोटो काढा. शेजारी एक नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. लोकेशन सुरू ठेवा. दर तीन महिन्यांनी त्याच जागेचा फोटो घ्या.

४. कागद मागा. प्रत्येक कामाला 'जॉब मिक्स फॉर्म्युला' असतो, म्हणजे मिश्रणाची रेसिपी. रॅप किती टक्के, डांबर कुठल्या प्रतीचं, पाण्याच्या चाचणीचा निकाल काय, हे माहितीच्या अधिकारात १० रुपये फी भरून मागता येतं. रस्ता प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला असेल तर 'मेरी सडक' ॲपवर फोटोसकट तक्रार करता येते. त्या योजनेत पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते.

आमच्या रस्त्याचं पुढे काय झालं?

काम परत सुरू झालं, पूर्ण झालं. मी दुसरी रील केली, "माझं चुकलं" म्हणून. पहिलीच्या दहाव्या हिश्श्याएवढे व्ह्यूज मिळाले. काकूंच्या घरी जाऊन आलो. त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी विचारत जा बाळा."

आता एक पावसाळा झालाय. एका पावसाळ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, पण मी दर तीन महिन्यांनी मोजतोय. परवा एका मित्राने फोटो पाठवला, "बघ तुझा रिसायकल रस्ता, फुटला!" मी जाऊन बघितलं. भेग खरंच होती. पण ती चाकाच्या पट्ट्यात जाळीसारखी नव्हती. रस्त्याच्या कडेने लांबच्या लांब गेलेली होती, बरोबर तिथे जिथे भराव संपतो आणि खाली काळी माती सुरू होते. अशी भेग बहुतेक वेळा खालच्या मातीची असते, वरच्या डांबराची नाही. तरी खात्री करायला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. उत्तर आलं की इथेच लिहीन. तोपर्यंत रील नाही.

तुमच्या भागात रस्ता खरवडून नवा केला असेल, तर चाकोरी किती मिमी आणि उतार किती अंश, हे मोजून कॉमेंटमध्ये तालुक्याच्या नावासकट नक्की कळवा. आणि "जुना माल टाकला" असं म्हणणारा एखादा दोस्त असेल, तर त्याला हा लेख पाठवा. कधीकाळी तो मीच होतो.